देवाची मूठ

शोध कुतूहलातून लागतात असं शाळेच्या पुस्तकात लिहिलेलं असतं. ऋतुजा म्हस्केचा शोध लागला तो खुन्नस धरून. ती हे लपवतही नसे. परिषदेत भाषण झालं, टाळ्या पडल्या, चहाचे कप हातात आले की कुणीतरी विचारायचं, "मॅडम, या यंत्राची कल्पना तुम्हाला सुचली कशी?" आणि ती सांगायची, "एका माणसाचं वाटोळं करायचं होतं." लोक हसायचे. बाई मोठी विनोदी आहे म्हणायचे आणि दुसरा समोसा उचलायचे.

ऋतुजा विनोदी नव्हती. तिला खरोखरच सर्जेराव नागरे या माणसाचं वाटोळं करायचं होतं. त्यासाठी तिने आधी एम.एस्सी. केलं, मग पीएच.डी., आणि मग ऐन तारुण्यातली वर्षं एका थंडगार प्रयोगशाळेत घालवली. दुसरी एखादी असती तर गावात जाऊन चार शिव्या हासडून मोकळी झाली असती. पण ही द्वारकाबाईची मुलगी. अर्धवट काम करून उठायची त्या घराला सवयच नव्हती.

द्वारकाबाईचं निंबझरीत एके काळी मोठं नाव होतं. जालन्याकडचं हे गाव बियाण्याचं. तिथले टोमॅटो बाजारात जात नसत, त्यांचं बी काढून कंपनीला जाई. शेडनेटच्या जाळीखाली बायका चिमट्याने न उमललेली कळी उघडायच्या, आतले पुंकेसर अलगद काढायच्या आणि मग नराच्या फुलाचे पराग तिला लावायच्या. एका कळीचं एक फळ, एका फळाचं चिमूटभर संकरित बी. पुढे या कामाला यंत्रमानवही आणून पाहिले, पण ते कळीसकट देठच मोडायचे, म्हणून पुन्हा बायकांनाच बोलवावं लागलं. आणि बायकांतही द्वारकाबाईचा हात असा, की तिने धरलेली कळी सहसा गळायची नाही. नवरा लवकर गेला, पदरात एक मुलगी आणि अर्ध्या एकराचं शेडनेट. तरी 'द्वारकाचं बी' म्हटलं की कंपनीचा माणूस पिशवी न उघडता घ्यायचा.

चौदा वर्षांपूर्वी हे बी नापास झालं.

कंपनी आणि शेतकरी यांच्या मध्ये एक ऑर्गनायझर असतो. लावायचं बियाणं तोच वाटतो, काढलेलं बी तोच गोळा करतो, पिशव्यांना नावाच्या चिठ्ठ्या लावून कंपनीकडे पोचवतोही तोच. निंबझरीचा ऑर्गनायझर सर्जेराव. द्वारकाबाईच्या नवऱ्याचा जिवलग दोस्त. तिला वहिनी म्हणायचा, भाऊबीजेला न चुकता लुगडं आणायचा, आणि लहानपणी ऋतुजा शाळेत जायची ती त्याच्याच मोटारसायकलवर. त्याची मुलगी निकिता आणि ऋतुजा एका ताटात जेवलेल्या. तोच एक दिवस ओट्यावर येऊन म्हणाला, "वहिनी, तुमचा लॉट फेल झाला. उगवणच नाही."

"माझा? शक्य नाही," द्वारकाबाई म्हणाली. "चारचौघांत गोणपाट टाका."

गोणपाट टाकणं ही बियाण्याच्या गावातली अग्निपरीक्षाच. ओल्या गोणपाटावर शंभर बिया ओळीने मांडायच्या, गुंडाळी करून सावलीत ठेवायची, आणि आठवड्याने उघडून कोंब मोजायचे. कंपनीचा साहेब आला, त्याने तिच्या चिठ्ठीच्या पिशवीतून बिया काढल्या आणि देवीच्या देवळासमोर सगळ्यांदेखत मांडल्या. आठवड्याने गुंडाळी उघडली तेव्हा चार बियांना मोड होते, आणि त्यांतल्या दोहोंची टोकं करपून तपकिरी झालेली. मग सर्जेरावच म्हणाला, आणि तेही किती मायेने, "वहिनी, जुनं बी मिसळलं असंल तर आत्ताच सांगून टाका. आपण साहेबांच्या पाया पडू."

या एका वाक्याने घात केला. भेसळीच्या संशयावरून कंपनीने अख्ख्या गावाचा बियाण्याचा कार्यक्रम बंद केला, आणि गावाने सगळं खापर द्वारकाबाईच्या डोक्यावर फोडलं. हळदीकुंकवाचं बोलावणं थांबलं. तिच्या शेडनेटवर साध्या भाजीच्या कामालाही बाई मिळेना. सर्जेराव तेवढा रोज यायचा, "मी काय करू वहिनी, लोकांची तोंडं कशी धरू" म्हणायचा आणि चहा पिऊन जायचा. वर्षाच्या आत मायलेकींनी गाव सोडलं. द्वारकाबाई संभाजीनगरला मसाल्याच्या कारखान्यात पाकिटं भरायला लागली. त्यानंतर तिने कुंडीत साधी मेथीसुद्धा पेरली नाही.

तेव्हा बारावीत असलेल्या ऋतुजाने आपल्या मनाशी एक हिशेब मांडला होता. सर्जेरावने आपल्या शेताला लागून असलेली खडकाळ जमीन बाहेरच्या एका पार्टीला भाड्याने दिली होती, आणि त्या पार्टीने तिथे जुने टायर तापवून तेल काढायची भट्टी टाकली होती. तिचा काळा धूर गावभर पसरायचा, वाळत घातलेल्या कपड्यांवर काजळी बसायची. त्या धुराने आईचं पीक आतून जाळलं आणि भट्टी बंद पडू नये म्हणून सर्जेरावने भेसळीची आवई उठवली, असं तिचं ठाम मत होतं. मत ठाम असून भागत नाही, पुरावा लागतो. भट्टी पुढे बंद झाली, धूर वाऱ्यावर गेला, पावसाने माती धुतली. मग साक्ष द्यायला उरलं कोण? ऋतुजाचं उत्तर होतं, बी.

तिचं म्हणणं थोडक्यात असं. रोपाच्या पेशीत जनुकांची अक्षरं असतात आणि ती सहजासहजी बदलत नाहीत. पण रोपावर संकट आलं की त्या अक्षरांवर कुठे कुठे रसायनाच्या बारीक टिकल्या चिकटतात. टिकली चिकटली की ते जनुक गप्प बसतं. पाणी तुटलं तर टिकल्या एका तऱ्हेने चिकटतात, जस्त किंवा कॅडमियमसारखे धातू मुळांतून आत शिरले तर दुसऱ्या तऱ्हेने, आणि टायरचं रबर टिकावं म्हणून घातलेलं रसायन हवेतल्या ओझोनशी मिसळून विषारी होतं, त्याची तर तऱ्हाच वेगळी. यातल्या काही टिकल्या आई-झाडाकडून बीमध्ये उतरतात. म्हणून विषात वाढलेल्या झाडाचं बी स्वच्छ मातीत टाकलं तरी धड उगवत नाही. मोड येतो, पण मुळाच्या टोकाशी पेशींची वाढ अडते आणि टोक करपतं. ऋतुजाच्या यंत्राने, बीजवाचकाने, या टिकल्या वाचता यायला लागल्या. जेवणाच्या डब्याएवढं यंत्र. त्यात बी कुटून टाकायचं, आणि त्या झाडाने काय भोगलं ते यंत्र सांगायचं. बी मेलेलं असलं तरी चालायचं. साक्षीदार मेल्यावरही बोलतो, ही सोय न्यायालयातसुद्धा नाही.

यंत्राचा बोलबाला झाला. सरकारने राज्यभरच्या मातीचा विषनकाशा करायचं काम ऋतुजाच्या गटाला दिलं, आणि जुनं बी जिथे जिथे मिळेल तिथून गोळा करायची मुभा दिली. ऑगस्टमध्ये ती आईसमोर येऊन बसली.

"आई, देवाची मूठ दे."

निंबझरीची ही जुनी रीत. बी कंपनीला द्यायच्या आधी प्रत्येक घर त्यातली एक मूठ देवासाठी काढतं. राखेत घालून, बाटलीचं तोंड मेणाने बंद करून ती देव्हाऱ्याखाली ठेवायची. विकायची नाही, पेरायची नाही, टाकायची तर मुळीच नाही. सगळं बुडालं तर देवाकडे मागून घ्यायला एक मूठ असावी, एवढाच त्यामागचा हेतू. गाव सोडताना द्वारकाबाईने भांडी विकली, पण देव आणि त्याच्या बाटल्या बरोबर आणल्या होत्या.

द्वारकाबाई जागची हलली नाही. पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसली.

"नको काढू ते," ती म्हणाली. "माझीच चूक हाय त्यात."

"कसली चूक?"

"तुला ताप चढला व्हता तवा. आठवतं? टोमॅटोचा गर पिंपात आंबत घातलेला. दुसऱ्या दिवशी सकाळी धुवायला पायजे व्हता. मी तुला घिऊन जालन्याला दवाखान्यात. आले तवा दुपार उलटून गेलती. उन्हाळा कसला! गर जास्ती आंबला की बी आतून मरतं, शेंबड्या पोरालाबी कळतं ते." तिने डोळे पुसले. "मी कुणाला बोलले नाही. पण मलाच ठावं व्हतं. माझ्या हातानं मेलं ते."

चौदा वर्षं गाव आईला चोर म्हणत होतं हे तिला माहीत होतं. आई स्वतःच्या हाताला गुन्हेगार समजत होती, आणि त्याचं कारण आपला ताप होता, हे तिला आज कळलं. सर्जेरावच्या नावाने मनात जी आग होती तिच्यावर कुणी रॉकेल ओतल्यासारखं झालं.

तिने त्या वर्षाच्या बाटलीचं मेण फोडलं. मूठभरातल्या थोड्या बिया यंत्रात घातल्या, थोड्या ओल्या कागदात गुंडाळून स्वयंपाकघरातल्या फळीवर ठेवल्या. यंत्राने आधी उत्तर दिलं, आणि ते पाहून ती चक्रावली. धूर नाही. जस्त नाही. टायरचं विष नाही. स्वच्छ, सुखात वाढलेलं झाड. म्हणजे इतकी वर्षं उराशी धरलेला तिचा हिशेबच चुकला होता. स्वतःचंच यंत्र उचलून खिडकीबाहेर भिरकावून द्यावं इतका तिला संताप आला.

मग कागद उघडायचा दिवस आला. राखेत राहिलेलं, चौदा वर्षांचं म्हातारं बी, पण निम्म्याहून जास्त बियांना मोड आले होते. पांढरेशुभ्र, सरळ, टोकाशी कुठे डाग नाही. द्वारकाबाई चष्मा लावून कागदावर वाकली आणि कितीतरी वेळ वाकूनच राहिली. जे बी एवढ्या वर्षांनी उगवतं ते काढल्याबरोबर मेलेलं असणं शक्यच नव्हतं, हे तिला कुणी पीएच.डी. झालेल्याने समजावून सांगायची गरज नव्हती.

"मग गोणपाटावर टाकलं ते कुणाचं व्हतं?" तिने विचारलं.

प्रश्न साधा होता आणि तो ऋतुजाला इतक्या वर्षांत पडला नव्हता. ती धुराच्या मागे लागली होती. पिशवीवर आईच्या नावाची चिठ्ठी होती म्हणून पिशवीत आईचंच बी असणार, हे तीही कंपनीच्या साहेबासारखी धरूनच चालली होती.

पुढचा महिना तिने कंपनीच्या मागे तगादा लावण्यात घालवला. कंपन्या नापास लॉटचे नमुने अभ्यासासाठी शीतगृहात जपून ठेवतात. नकाशाच्या कामाचं सरकारी पत्र होतंच. 'द्वारका म्हस्के, निंबझरी' अशी चिठ्ठी लावलेलं छोटं पाकीट अखेर तिच्या हातात पडलं. त्यातलं बी यंत्रात घातलं आणि यंत्राने तोंड भरून उत्तर दिलं. जस्त, कॅडमियम, टायरचं विष, फुलोऱ्यापासून फळ पिकेपर्यंत रोजच्या रोज. हे झाड भट्टीच्या अगदी कुशीत वाढलं होतं. द्वारकाबाईचं शेत ओढ्यापलीकडे, टेकडीच्या आडोशाला होतं. भट्टीच्या कुशीत शेत होतं ते एकाच माणसाचं.

साध्या जनुक-तपासणीने हे कधीच कळलं नसतं. कंपनी सगळ्या गावाला एकाच जातीची नर-मादी देते, त्यामुळे घराघरांतलं बी जनुकांनी सख्ख्या भावंडांसारखं एकच. फरक असतो तो कुणी काय सोसलं यात, आणि सोसलेलं वाचणारं यंत्र तोवर निघालेलं नव्हतं. सर्जेरावने चिठ्ठ्यांची अदलाबदल केली तेव्हा जगातला कुणीही माणूस त्याला पकडू शकत नव्हता.

आता एकच कडी राहिली होती. नवरात्रात ऋतुजा विषनकाशाची जीप घेऊन निंबझरीत शिरली. गावाने तिला ओळखलं आणि न ओळखल्यासारखं केलं. निकिता मात्र शेडनेटमधून चिमटा हातात घेऊनच धावत आली आणि तिला कडकडून भेटली. काही वर्षांनी गावात बियाण्याचं काम पुन्हा सुरू झालं होतं, आणि घरचं शेडनेट आता तीच चालवत होती. क्रॉसिंगचं, म्हणजे कळीला पराग लावायचं काम ती द्वारकाबाईच्या हाताखाली शिकलेली, आणि गावाने वाळीत टाकलं तेव्हाही परसदारातून भाकरी आणून देणारी तीच होती.

"काकू कशा आहेत गं? आता तरी येतील का कधी?"

"येईल," ऋतुजा म्हणाली. "निकी, तुमच्याकडची देवाची मूठ हवी होती. सगळ्या घरांची घेतेय, नकाशासाठी. त्या वर्षाचीही लागेल."

हे अर्धंच खरं होतं. निकिताने देव्हाऱ्याखालून बाटल्या काढल्या, पुसल्या, नमस्कार केला आणि तिच्या ओंजळीत ठेवल्या. त्या क्षणी ऋतुजाला जरा लाज वाटली, नाही असं नाही. पण तिने ती गिळली.

यंत्र जीपमध्येच होतं. सर्जेरावच्या देवाच्या मुठीतलं बी आणि द्वारका म्हस्के नावाच्या पाकिटातलं बी, दोन्हींच्या टिकल्या एकमेकींवर ठेवल्या तर रेघेचा फरक नव्हता. कुंपणानेच शेत खाल्लं होतं. आणि गंमत अशी की ज्या माणसाने कंपनीला फसवलं, गावाला फसवलं, मेलेल्या दोस्ताच्या बायकोला फसवलं, त्याची देवाला फसवायची मात्र छाती झाली नव्हती. एक मूठ दुसरं बी बाटलीत भरलं असतं तर तो आयुष्यभर सुटला असता.

ती तडक त्याच्याकडे गेली. सर्जेराव पडवीत खाटेवर पडला होता. किडन्या गेल्या होत्या, आठवड्याला दोनदा जालन्याला डायलिसिसला न्यावं लागायचं. अंगावरचं मांस गळून गेलं होतं, पण गळ्यात सोन्याची साखळी होती आणि आवाजात तीच जुनी माया.

"ये गं माझी बाय. किती मोठी झालीस! वहिनी बऱ्या हायत ना?"

ऋतुजाने यंत्राचा पडदा त्याच्यासमोर धरला आणि कुठलं बी कुणाचं ते सांगितलं. आवाज चढवला नाही. त्याने पडद्याकडे पाहिलं नाही, तिच्याकडेही नाही. देव्हाऱ्याच्या बाजूला मान वळवली.

"देवाच्या मुठीत खोटं कसं घालावं, पोरी?" तो म्हणाला.

"माणसाच्या पिशवीत बरं घालता आलं."

"घरी गोणपाट टाकून बघितलं तवाच मला कळलं व्हतं. माझं बी फेल गेलं असतं तर भट्टीवर आलं असतं. ऑर्गनायझरकी गेली असती. अख्ख्या गावाचं काम बंद पडलं असतं."

"पडलंच की बंद."

"तसं व्हईल हे मला काय ठावं!" तो धापा टाकायला लागला. "एक लॉट जाईल, वहिनीला दुसरा देऊ, आसं वाटलं. त्यांचं नाव एवढं मोठं व्हतं, त्यांच्यावर कोण संशय घेईल म्हणलं."

"आणि घेतला कुणी? तुम्हीच. देवळासमोर."

चोराच्या वाटा चोराला ठाऊक म्हणतात, पण आपण घातलेल्या घावाचं दुखणं त्याला आज पहिल्यांदा कळत असावं, किंवा नसेलही. ऋतुजाला त्याच्याशी कर्तव्य नव्हतं.

"दसऱ्याला गाव देवळासमोर जमेल," ती म्हणाली. "तिथे तुम्ही स्वतः सांगायचं. पोलिसांत तक्रार मी करणारच आहे, सांगितलंत तरी आणि नाही सांगितलंत तरी. पण तुम्ही सांगितलं नाहीत तर मी सांगेन, आणि मी तिखटमीठ लावून सांगेन."

"निकीला नको कळू देऊ. तिला वाटतं तिचा बाप..."

"माझ्या आईलाही वाटत होतं."

ऋतुजा बाहेर पडली तेव्हा निकिता दारातच उभी होती. तिच्या हातात चहाचे कप होते. तिने सगळं ऐकलं होतं.

"तू मला नकाशा म्हणालीस," ती म्हणाली.

"हो."

"मी माझ्या हाताने दिली तुला ती बाटली."

निकिता कप घेऊन आत निघून गेली. जीपपर्यंत जाताना ऋतुजाने एकदा मागे वळून पाहिलं. तरी ती थांबली नाही.

दसऱ्याला द्वारकाबाई निंबझरीत आली. शहरातल्या फ्लॅटमध्ये तिने यंदा घट बसवला होता, गावाकडची माती मागवून त्यात सात धान्यं पेरली होती, आणि वीतभर उंच, पिवळसर हिरव्या रोपांची ती टोपली तिने मांडीवर घेऊन आणली. देवळासमोर गाव जमलं होतं. बायका तिच्याकडे पाहून कुजबुजत होत्या. एक-दोघी पुढे आल्या, पण अर्ध्यातूनच परत जागेवर गेल्या.

सर्जेरावला खुर्चीत बसवून आणलं होतं. बोलायच्या वेळी तो निकिताच्या खांद्याला धरून उभा राहिला आणि त्याने सगळं सांगितलं. रडत सांगितलं, मध्येच खोकत सांगितलं, पण चिठ्ठ्या कशा बदलल्या, कुठल्या खोलीत बदलल्या, गोणपाटाच्या दिवशी मुद्दाम जुन्या बियाचं नाव कसं काढलं, काही सोडलं नाही. ऐकणाऱ्यांपैकी निम्म्यांनी माना खाली घातल्या. ज्या बाईने सगळ्यात आधी हळदीकुंकू बंद केलं होतं ती तोंडात पदर कोंबून रडायला लागली. ऋतुजा देवळाच्या पायरीवर उभी राहून एकेक चेहरा पाहत होती. सूड घेतल्यावर मन रिकामं होतं असं शहाणी माणसं सांगतात. त्यांना बहुधा सूड घ्यायची संधी मिळालेली नसते. ऋतुजाचं मन काठोकाठ भरलं होतं.

"वहिनी, चुकलो," सर्जेराव हात जोडून म्हणाला. "पदरात घ्या."

दसऱ्याला घटातली रोपं उपटून ती गडीमाणसांच्या टोपीत, पागोट्यात आणि बायकांच्या केसांत खोवायची पद्धत आहे. देवीचा आशीर्वाद म्हणून तो तुरा मिरवायचा. घरच्या कर्त्या बाईने ज्याला तुरा दिला त्याच्याशी मागचं सगळं मिटलं, असं गाव मानतं. म्हातारा पुजारी पुढे आला. "द्वारका, बाई, सण हाय. तुरा दे सगळ्यांना. मिटव एकदाचं."

द्वारकाबाईने टोपलीतली रोपं मुळासकट उपटली. पुजाऱ्याच्या टोपीत पहिला तुरा खोवला. मग एका टोकापासून सुरुवात केली. ज्यांनी तिला शेडनेटवर बाई मिळू दिली नाही त्यांना दिला, ज्यांनी पाण्याच्या टाकीवर तोंड फिरवलं त्यांना दिला, रडणाऱ्या बाईच्या अंबाड्यात खोवला आणि तिची हनुवटी वर केली. माणसं वाकून तुरा घेत होती. सर्जेरावने टोपी नीट केली आणि मान खाली घालून तोही वाट पाहत उभा राहिला.

ती त्याच्यासमोर आली, थांबली नाही, आणि पुढच्या माणसाकडे गेली.

मान खाली घालून उभ्या असलेल्या माणसाला आपल्याला वगळलंय हे कळायला जरा वेळ लागतो. ती पार शेवटच्या रांगेपर्यंत पोचली तरी त्याची मान तशीच होती. गाव बघत होतं. कुणी "अगं" म्हणालं नाही. तसं म्हणायचा अधिकार आपल्याला उरलेला नाही, एवढं त्या गावाला त्या घडीला कळलं होतं.

निकिता बापाला खुर्चीत बसवून धावत आली. ऋतुजाकडे तिने पाहिलंसुद्धा नाही. द्वारकाबाईचे दोन्ही हात तिने धरले.

"काकू, मला माहितीये, माझी काही बोलायची जागा नाही. पण त्यांचं काही खरं राहिलेलं नाही हो. एक काडी द्या. एकच."

द्वारकाबाईने टोपलीतली उरलेली सगळी रोपं काढली, त्यांची माती झटकली आणि निकिताच्या वेणीत एकेक करून नीट खोवली. तिच्या गालावरून हात फिरवून कडाकडा बोटं मोडली.

"तू माझी हायेस," ती म्हणाली. "तुझ्यावर माझा राग नाही, कधी नव्हता."

"मग त्यांना?"

"त्यांना म्हणावं, चौदा वर्सांनी या. तवा बघू."

निकिताच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. "काकू, तोवर ते राहतील का?"

"नाही राहणार," द्वारकाबाई म्हणाली. "मला ठावं हाय."